उपग्रहांच्या साक्षीने लपंडाव

लपंडाव आपण सर्वांनीच खेळला आहे. ज्याच्यावर राज्य असेल त्याने डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि बाकीच्यांनी कणगीआड, गोठ्यात, नाही तर देवळाच्या खांबामागे दडून बसायचे. आज मी ज्या खेळाची माहिती सांगणार आहे तो याच जातीचा आहे. फरक इतकाच की, यात माणूस लपत नाही, एक डबा लपतो. आणि राज्य असते ते जगातल्या कोणत्याही अनोळखी माणसावर. गंमत अशी की, लपविणारा आपला डबा कोठे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण तो सांगतो ते अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवितो. २०२३ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कोलंबिया या शहरी, माझ्या एका मित्राकडे जाण्याचा योग आला. आम्ही दोघे वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. त्याच्याबरोबर तेथल्या एका जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेवर मी बारा डबे लपविले. अकरा डब्यांची हकीगत सुखाची आहे. सातव्या डब्याने मात्र भूगोलाच्या या मास्तराला असा धडा दिला की, तो तुम्हाला, विशेषतः शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी खेळाचे नाव समजून घेऊ. या खेळाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात आणि लपविलेल्या डब्याला ‘जिओकॅश’. यातला ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. ‘कॅश’ म्हणजे मात्र रोकड नव्हे, बरं का. ‘लपविणे’ या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला आहे. डब्यात पैसे नसतातच. असते एक लहानशी वही, एखादी पेन्सिल आणि फार तर चार किरकोळ वस्तू: गोटी, किल्लीची साखळी, खेळण्यातली मोटार. डबा सापडला की वहीत आपले नाव व तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा जसा होता तसा पुन्हा जागच्या जागी लपवून निघायचे. इतकाच खेळ.

आता तुम्ही विचाराल, नुसत्या आकड्यांवरून डबा सापडतो कसा? त्यासाठी जीपीएस नावाची व्यवस्था आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसच्या आसपास उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत’ असा संदेश तो सतत पाठवीत असतो. आपल्या हातातले यंत्र, मग तो साधा मोबाईल का असेना, हे संदेश केवळ ऐकते. घरातल्या रेडिओसारखेच ते. उपग्रहाला उलट काही कळवीत नाही.

पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तुम्ही कधी सेकंद मोजले आहेत काय? दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, या हिशेबाने वीज किती लांब पडली ते कळते. यंत्रही असेच करते. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यातील फरकावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. मात्र हा संदेश आवाजाच्या नव्हे, प्रकाशाच्या वेगाने येतो. उपग्रह डोक्यावर असेल तर एका सेकंदाच्या जवळजवळ पंधराव्या भागात तो येऊन पोचतो. म्हणून घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते!

एका उपग्रहाचे अंतर कळून भागत नाही. ‘मी तुमच्या गावापासून चार किलोमीटरांवर आहे’ एवढेच कोणी सांगितले तर त्याला गावाभोवती सगळीकडे शोधावे लागेल. पण तीन गावांपासूनची त्याची अंतरे कळली की तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथेच तो सापडणार. उपग्रहांचेही तसेच. तीन उपग्रह जागा ठरविण्यासाठी, आणि आपल्या यंत्रातले स्वस्त घड्याळ सुधारून घेण्यासाठी चौथा.

ही व्यवस्था मूळची अमेरिकन सैन्याची. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत पूर्वी मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. २ मे २००० पासून ही चूक मिसळणे बंद झाले. लगेच दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. अचूकता खरोखरच वाढली आहे की नाही, हे त्याला पाहायचे होते. तीन दिवसांच्या आत ती बादली दोघांना सापडली. तेथून हा खेळ जगभर पसरला आणि आज असे तीस लाखांहून अधिक डबे लपविलेले आहेत.

आता आम्ही डबे लपविले त्या वाटेविषयी दोन शब्द. मिसुरी–कॅन्सस–टेक्सास नावाची एक रेल्वे कंपनी होती. कॅन्सस आणि टेक्सास यांच्या आद्याक्षरांचा ‘के-टी’ असा उच्चार करता करता लोक तिला लाडाने ‘केटी’ म्हणू लागले. मिसुरी नदीच्या काठाने जाणारा तिचा मार्ग १८९० नंतरच्या दशकात बांधला गेला. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये नदीला मोठा पूर आला, मार्गाची नासधूस झाली आणि कंपनीने त्यावरची वाहतूक थांबविली. रूळ उखडले गेले. उरला तो मातीचा भराव, पूल आणि एक बोगदा.

अशा पडीक मार्गाचे काय होते ते आपणही जाणतो. कोणी भरावाची माती नेतो, कोणी कुंपण पुढे सरकवितो, आणि चार वर्षांत वाट नाहीशी होते. मग पुढे कधी रेल्वे हवी झाली तर एवढी सलग पट्टी पुन्हा मिळविणे महाकठीण. हे ओळखून अमेरिकेत १९८३ साली कायद्यात एक दुरुस्ती झाली होती. बंद पडणारा मार्ग मोडून न टाकता लोकांना चालण्यासाठी व सायकलींसाठी वापरू द्यावा, आणि उद्या गरज पडली तर त्यावरून पुन्हा रेल्वे नेता यावी, अशी ती तरतूद. पट्टी जणू बँकेत ठेव म्हणून ठेवायची. तिचा लाभ घेऊन मिसुरी राज्याने हा मार्ग मिळविला. एडवर्ड जोन्स नावाच्या एका धनिक दांपत्याने त्यासाठी एकंदर बावीस लाख डॉलर दिले. १९९० मध्ये रोशपोर्ट गावी पहिला तुकडा खुला झाला. आज ही ‘केटी ट्रेल’ सुमारे २४० मैल, म्हणजे ३८६ किलोमीटर लांब आहे.

हे सारे बिनतक्रार झाले असे मात्र समजू नका. मार्गालगतच्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांचे म्हणणे होते, ‘आमच्या वाडवडिलांनी जमीन दिली ती रेल्वेसाठी. रेल्वे गेली, आता जमीन आमची आम्हाला परत द्या.’ त्यांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नव्हते. व्हरमाँट राज्यातील अशाच एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निकाल दिला की, कायदा वैध आहे, परंतु ज्यांचा हक्क जातो त्यांना भरपाई मागता येईल. पुढे मिसुरीतील काही जमीनमालकांच्या बाजूनेही भरपाईचा निकाल लागला. सांगण्याचे तात्पर्य, आज ज्या वाटेने आपण शीळ घालीत जातो तिच्यामागे कोणाचे तरी दान असते आणि कोणाची तरी तक्रारही असते. तेथे काही लपवायचे तर ही जाण ठेवूनच.

रेल्वेच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे तिला चढ नसल्यातच जमा. आगगाडीला खडी चढण झेपत नाही, म्हणून बांधतानाच डोंगर खोदून आणि खळगे भरून मार्ग सपाट केलेला असतो. त्यामुळे सत्तरीची आजी आणि सात वर्षांचा नातू दोघेही या वाटेवर सारख्याच आनंदाने चालतात. रुळांखालच्या खडीच्या जागी आता चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसविलेला आहे.

रोशपोर्ट हे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव. तेथून आग्नेयेकडे मॅकबेनपर्यंत सुमारे चौदा किलोमीटरांचा तुकडा आम्ही निवडला. उजव्या हाताला रुंद, गढूळ मिसुरी नदी आणि डाव्या हाताला चुनखडीचे सरळ उभे कडे. मधून ही वाट.

दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर असावे, असा या खेळाचा नियम आहे. त्या हिशेबाने आमच्या तुकड्यात पंच्याऐंशीच्या वर डबे बसले असते, आणि सबंध वाटेवर चोवीसशे! मला चेव आला. मी म्हटलं, “अरे, पन्नास तरी लपवू या की.” मित्र हसला. “तू जूनमध्ये परत जाशील. पाऊस झाला, डबा फुटला, वही भिजली, की ती बदलायला मलाच यावं लागणार. बारा पुरेत.” त्याचे बरोबर होते. डबा ज्याच्या नावावर त्यानेच तो वर्षानुवर्षे सांभाळायचा असतो.

डबा जमिनीत पुरायचा नाही; खोदायला बंदी आहे. खाण्याचा पदार्थ आत ठेवायचा नाही, नाही तर रॅकून नावाचा एक चोरटा प्राणी डबा फोडतो. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घ्यायची. ती मित्राने आधीच घेतली होती. चालू रेल्वेमार्गाजवळ डबा ठेवायचा नाही. एवढे सारे पाळून जागा शोधायची. आम्ही एक डबा जुन्या पुलाच्या दगडी कठड्याच्या सांदीत ठेवला, एक सायकॅमोर झाडाच्या ढोलीत, एक आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली. एका ठिकाणी मी झुडपात हात घालणार तोच मित्राने मनगट धरले. तेथे तीन-तीन पानांची एक वेल होती. ‘पॉयझन आयव्ही’ म्हणतात तिला. ती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, आणि अंगाला लागली तर तशीच उतते. आम्ही ती जागा सोडली. आपल्याला माहीत असलेला धोका शोधणाऱ्याला माहीत असेलच असे नाही.

आकडे नोंदविण्याची आमची रीत अशी होती: डबा ठेवला की मित्र यंत्र घेऊन तेथे पाच मिनिटे उभा राही, आकडा स्थिरावला की मोठ्याने वाचून दाखवी, आणि मी वहीत उतरवून घेई. अंश आणि मिनिटे सगळीकडे जवळपास तीच. बदलत ते मिनिटाचे दशांश, तेवढे तीन आकडे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर. म्हणून शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा दोन मीटरांच्या आतबाहेर सरकते.

सातवा डबा कड्याच्या पायथ्याशी, वाटेपासून पाच पावलांवर, एका सुट्या दगडामागे ठेवला. मित्र म्हणाला, “तीनशे सेहेचाळीस.” आणि मी वहीत लिहिले, ३६४.

शिक्षकांना हसू आले असेल. पहिली-दुसरीच्या वर्गात रोज दिसणारी ही चूक. आपण मराठीत ‘सेहेचाळीस’ म्हणताना सहा आधी म्हणतो आणि चाळीस मागून. लिहिताना चार आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! त्या वादात मी मोठ्या ऐटीत सांगत असे की, मुलांची अशी गल्लत होते ती केवळ सरावाअभावी. येथे पंचेचाळीस वर्षे सराव असलेल्या माणसाची गल्लत झाली होती.

३४६ आणि ३६४ यांत फरक अठराचा. अठरा गुणिले १.८५, म्हणजे सुमारे तेहतीस मीटर उत्तरेकडे. सपाट शेतात तेहतीस मीटर म्हणजे काहीच नव्हे. पण आमच्या सातव्या डब्यापासून उत्तरेला होता तो उभा कडा.

मित्राने वहीतले आकडे संकेतस्थळावर भरले. स्वयंसेवक तपासनीसाने नियमांप्रमाणे तपासले. दोन डब्यांतले अंतर ठीक, परवानगी ठीक. आकडा खरा की खोटा हे घरी बसून तपासनीसाला कसे कळणार? तिसऱ्या दिवशी डबे जाहीर झाले.

त्याच संध्याकाळी जेवताना मित्राने फोन पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. एका निवृत्त शिक्षकाने टिपण लिहिले होते. तो आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन सकाळीच गेला होता. पहिले सहा डबे सापडले. सातव्याच्या वेळी यंत्राचा बाण कड्याकडे वळला. नातू म्हणाला, वर आहे, मी चढतो. तो दोन पुरुष उंचीवर गेला तेव्हा पायाखालचा एक दगड निखळून खाली आला. आजोबांनी त्याला तसाच हळूहळू उतरवून घेतले आणि दोघे घरी परतले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले होते: “डबा खरोखर वर असेल तर तसे आधी लिहायला नको होते का? माझ्याबरोबर मूल होते.”

मी वही काढली. मित्र जेवण टाकून उठला आणि त्याने सर्वांत आधी सातवा डबा ‘तूर्त बंद’ केला. मग म्हणाला, “मी काय वाचलं होतं रे?” मला तो आवाज जसाच्या तसा आठवला. सेहेचाळीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. तो मुलगा उतरला म्हणून ठीक. त्या आजोबांनी माझे तोंडही पाहिले नव्हते. केवळ मी लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून ते नातवाला घेऊन तेथवर आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाराही डब्यांपाशी पुन्हा गेलो. या वेळी रीत बदलली. मित्र आकडे एकेक सुटे वाचू लागला, “तीन, चार, सहा.” मी लिहून ते त्याला उलट वाचून दाखवू लागलो. मग वहीतला लिहिलेला आकडा यंत्रात भरायचा, शंभर पावले दूर जायचे, आणि यंत्र जेथे नेईल तेथे निमूट जायचे. डब्यापाशी पोचलो तर आकडा बरोबर. खरे म्हणजे ही शेवटची पडताळणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. अनुभवी लोक ती करतातच. आम्ही दोघे शिकलेसवरलेले, म्हणून आम्हाला तिची गरज वाटली नाही!

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कड्याच्या पायथ्याशी अर्धे आकाश झाकलेले असते आणि उपग्रहांचे संदेश दगडावर आपटून वळून येतात. त्यामुळे खुल्या जागी तीन-चार मीटर असणारी चूक तेथे दहा-पंधरा मीटरांवर जाऊ शकते. म्हणून आकडा बरोबर असला तरी सातव्या डब्याच्या माहितीत आम्ही एक साधे वाक्य घातले: ‘डबा वाटेच्या पातळीवर आहे. कड्यावर चढू नये.’ आणि आजोबांना चूक कोणाची व कशी झाली ते कळवून माफी मागितली.

शिक्षक मंडळींना माझे सांगणे आहे की, हा खेळ शाळेच्या आवारात जरूर करून पाहा. आपल्याकडे बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवावे लागते आणि ते योग्यच आहे; तेव्हा स्थानक, बाजार किंवा देऊळ अशा ठिकाणी डबे मुळीच ठेवू नका. मुख्याध्यापकांना सांगून पटांगणातच चार-पाच डबे लपवा. त्याला एक मोबाईल पुरतो. मुलांचे दोन गट करा. एका गटाने डबे लपवून आकडे लिहावेत, दुसऱ्याने शोधावेत. यंत्राने दाखविलेली जागा आणि डब्याची खरी जागा यांतले अंतर टेपने मोजा. झाडाखाली किती येते, मोकळ्यावर किती, त्याचा तक्ता करा. अक्षांश-रेखांश म्हणजे नकाशावरच्या नुसत्या रेघा नव्हेत, हे एका तासात कळेल. आणि एक करा: चुकीचा आकडा लिहिणाऱ्या मुलाला हसू देऊ नका. त्याच्या आकड्यामुळे दुसरा गट कोठे जाऊन पोचला, तेवढे त्याला चालत नेऊन दाखवा. मलाही तसेच कळले.

मी परत यायला निघण्याच्या दोन दिवस आधी आम्ही सातव्या डब्याची वही पाहायला गेलो. ते आजोबा नातवाला घेऊन पुन्हा येऊन गेले होते. वहीत तारीख, दोघांची नावे आणि खाली मुलाच्या अक्षरात एक ओळ होती: “सापडला. खालीच होता.”